बादलीला हात लावू नये

बंद पडलेली वाहने पार्किंगमध्ये ठेवू नयेत. महिनाअखेरच्या रविवारी समिती पाहणी करेल. जे वाहन स्वतःच्या ताकदीवर इमारतीला एक फेरी मारणार नाही, ते भंगारात दिले जाईल. – सेक्रेटरी

ही पाटी माझी नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक पाट्या माझ्या आहेत, त्यामुळे सुरुवात कोणी केली हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमच्या इमारतीत बंद पडलेलं वाहन एकच होतं. पाटी नेमकी त्याच्या समोरच्या खांबावर लागली. म्हणजे पाटी सार्वजनिक आणि रोख खासगी.

ते वाहन म्हणजे माझ्या सासऱ्यांची स्कूटर. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पा आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा सोबत एक सुटकेस आणि ही स्कूटर घेऊन आले. सुटकेस वर आली, स्कूटर खाली राहिली आणि अप्पा मध्ये कुठेतरी राहिले. त्यांच्यासाठी आम्ही खिडकीशी एक आरामखुर्ची मांडली होती. तिच्यावर ते एकदाही आरामात बसले नाहीत. सकाळचा चहा झाला की वर्तमानपत्र काखेत मारून खाली जायचं, स्टँडवर लावलेल्या स्कूटरच्या सीटवर बसायचं, हँडलवर पेपर पसरायचा आणि वाचायला लागायचं. कामावर निघालेला प्रत्येक माणूस तिथून जातो. प्रत्येक जण थांबतो. कोणाची बदली झाली, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या नळाला पाणी नाही, हे अप्पांना ते ज्याचं त्याला कळायच्या आधी कळतं. बंद स्कूटरवर बसून त्यांनी जेवढी माणसं जोडली, तेवढी मी चालू गाडीत फिरून जोडलेली नाहीत.

"गेली तर गेली स्कूटर," मी बायकोला म्हणालो. "वर खुर्ची आहे की."

"वर कोण येतं?" ती म्हणाली.

त्या दिवशी कपडे वाळत घालताना तिने माझा एकही शर्ट झटकला नाही. मी समजलो.

टाकी स्वच्छ करून आणावी.

ही पाटी नाही, मिस्त्रीचं वाक्य आहे. पण त्याने ते अशा आवाजात उच्चारलं की मला ते रंगवलेलंच दिसलं.

मिस्त्री आला, त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि झाकण लावलं. "साहेब, यात पेट्रोल नाही. चहा आहे."

आत गंज होता. वर्षानुवर्षांचा, थरावर थर. इंजिन ठीक आहे, म्हणाला, पण या टाकीतून एक थेंब जरी खाली गेला तरी सगळं तुंबेल. जुनं पेट्रोल त्याने स्वतः काढून बंद डब्यातून नेलं, टाकी उतरवून आतून साबणाच्या पाण्याने खळखळून दिली आणि वर किक, ब्रेकचा पायटा आणि गंजलेले नट-बोल्ट एका पिशवीत घालून माझ्या हातात ठेवले. त्याच्याकडे कामं तुंबलेली होती. टाकी साफ झाल्याशिवाय तो येणार नव्हता.

"मी करतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर तिने माझ्याकडे असं दोनदाच पाहिलंय. दुसरी वेळ ही.

इथे माझी थोडी ओळख करून द्यायला हवी. आमच्या कार्यालयात दरवर्षी सुरक्षा सप्ताह असतो आणि त्याचा प्रमुख मी आहे. माझ्याकडे पिवळं हेल्मेट आणि शिट्टी आहे. शिट्टी वाजली की सगळ्यांनी कामं टाकून जिन्यात जमायचं असतं. कामं टाकण्यात आमचं कार्यालय चोख आहे, जिन्यापर्यंत मात्र सगळे पोचत नाहीत. कार्यालयाला आजवर आग लागलेली नाही. याचं श्रेय आजवर कोणी मला दिलेलं नाही.

पाण्यात ॲसिड घालावे. ॲसिडमध्ये पाणी घालू नये.

*(खाली पेन्सिलने, अप्पांच्या अक्षरात:)* आणि चहात?

गंज कशाने जातो, यावर आमच्या जिन्यात जेवढी मतं निघाली तेवढी समितीच्या निवडणुकीतही पडत नाहीत. समोरच्या काकू म्हणाल्या, रॉकेल. खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, वाळू आणि चिकाटी. (ते इतिहासाचे आहेत.) सेक्रेटरी म्हणाले, "भंगार. भंगारात दिलं की गंज आपोआप जातो."

हार्डवेअरच्या दुकानदाराला मत नव्हतं, त्याच्याकडे माल होता. त्याने पांढरा प्लास्टिकचा कॅन समोर ठेवला. "हे घ्या. फरशी, संडास, गंज, काही ठेवत नाही. तासाभरात लख्ख. फक्त जपून. नाकाशी नेऊ नका."

कॅनवर लाल अक्षरात बरंच लिहिलेलं होतं. हवेशीर जागी वापरावे. हातमोजे, चष्मा वापरावा. वाफ घेऊ नये. धातूच्या भांड्यात ओतू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत गेलो. शेवटच्या वाक्याशी तर मला हायसं वाटलं. आमच्या घरात लहान मुलं नव्हती.

कॅन मी शनिवारपर्यंत गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला. त्याच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं आणि घरातल्यांना एकत्र बसवून पाऊण तास माहिती दिली. ॲसिड पाण्यात का घालायचं, पाणी ॲसिडमध्ये का नाही, उलटं केलं तर कसं उकळून अंगावर उडतं. बायको भाजी निवडत ऐकत होती. अप्पा कान देऊन ऐकत होते. एवढं लक्ष देऊन कोणी ऐकलं की वक्त्याने सावध व्हायला हवं. मी सुखावलो.

"जावईबापू," अप्पांनी विचारलं, "नुसतं बोट बुडवलं तर?"

"बोट जाईल."

"सगळं?"

"अप्पा!"

"विचारतोय फक्त."

बायकोने भाजी निवडणं थांबवलं आणि वडिलांकडे पाहिलं. मग कॅनकडे. मग पुन्हा भाजीकडे. तेव्हा मी याची नोंद घेतली नाही. मी हेल्मेट पुसत होतो.

या गॅलरीत विनाकारण थांबू नये.

*(खाली, बायकोच्या अक्षरात:)* मग कपडे तुमच्या कार्यालयात वाळत घालू का?

शनिवारी सकाळी मी गॅलरीत उतरलो. अंगात रेनकोट, हातात रबरी हातमोजे, पायात गमबूट, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, नाकावर रुमाल, डोक्यावर हेल्मेट. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी खिडकी लावून घेतली. त्यांच्या काळजीचं मला कौतुक वाटलं. नंतर कळलं की त्या पोट धरून हसत होत्या आणि त्यांना ते मला दिसू द्यायचं नव्हतं.

मी झाकणाची प्लास्टिकची बादली घेतली. (धातूची नाही.) आधी पाणी घातलं. मग कॅन उघडून, मान वळवून, हात लांब करून, पाण्यात धार सोडली. वाफ आली नाही. वास आला नाही. माझा श्वास आधीच रोखलेला होता, त्यामुळे वास न येण्याचं श्रेय मी श्वासाला दिलं. किक, पायटा आणि नट-बोल्ट बादलीत बुडवले. टाकीच्या खालच्या भोकाला रबरी बूच मारून उरलेलं द्रव तिच्यात भरलं, त्यात मूठभर सुटे नट टाकले आणि टाकी मांडीवर घेऊन हलवू लागलो. तसा आवाज आमच्या इमारतीने कधी ऐकला नव्हता. वरून खालून पंखे बंद झाले. लोकांना वाटलं, आपलाच पंखा.

तासाभरात लख्ख, असं दुकानदार म्हणाला होता. तासाभराने पाहिलं तर गंज होता तसाच. फार तर थोडा ओला. दुपारी कडा जरा उजळ दिसल्या. संध्याकाळी पाणी पिवळट झालं.

"सुरक्षित पद्धतीला वेळ लागतो," मी घरात जाहीर केलं. "घाईत केलं असतं तर एव्हाना झालं असतं, पण आपण असतो का?"

"असतो," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

शिट्टी वाजताच सर्वांनी जिन्यात जमावे.

रविवारी सराव घेतला. जिन्यात मी एकटा जमलो.

बादलीला हात लावू नये. धोका.

या पाटीखाली अप्पांनी काहीच लिहिलं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

अप्पांचा स्वभाव सांगायचा तर गोळीचं उदाहरण पुरेल. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी दिलीय, रोज सकाळी एक. बायको ती चहाच्या बशीत ठेवते, समोर उभी राहते, अप्पा ती तोंडात टाकतात, पाणी पितात, मान हलवतात आणि गॅलरीत जाऊन कुंडीत थुंकतात. हे आम्हाला खूप उशिरा कळलं. तोवर आमच्या घरात सगळ्यात उत्तम रक्तदाब त्या कुंडीचा होता. जे करा म्हटलं ते अप्पांच्या हातून होत नाही. जे करू नका म्हटलं ते राहत नाही.

पण मी काय पाहत होतो? मी पाहत होतो की रोज गॅलरीत पसरलेल्या जुन्या पेपरावर चकचकीत बोल्टांची संख्या वाढतेय. संध्याकाळी कार्यालयातून यावं, रेनकोट चढवावा, लांब चिमट्याने बादलीत ढवळावं, तर वस्तू आधीच बाहेर काढून पुसून रांगेत मांडलेल्या. मला वाटायचं, सकाळी जाताना आपणच काढल्या असतील. माणूस कामात बुडाला की असं होतं.

अप्पांची बोटंही त्या दिवसांत स्वच्छ दिसत होती. मी ते चांगल्या सवयीत धरलं.

वरच्यांनी खालच्यांवर काहीही सांडू नये. – प्राध्यापक

झालं असं की टाकी हलवताना काही थेंब गॅलरीच्या कठड्यावरून खाली गेले. खाली प्राध्यापकांची कुंडी. तिच्यात पिवळ्या पानांचं एक रडतराऊत रोप. प्राध्यापक वर आले ते छत्री उघडून.

"तुम्ही माझ्या झाडावर रासायनिक हल्ला केलात," ते म्हणाले. "इतिहासात याला एकच शब्द आहे, पण तुमच्या मिसेससमोर तो वापरत नाही."

मी क्षमा मागितली. रोप वाचलं नाही तर दुसरं आणून देतो म्हणालो. त्यांना हातमोज्यांचा जादा जोडही देऊ केला. ते छत्री न मिटताच खाली गेले आणि आपल्या दारावर वरची पाटी लावली.

चार-पाच दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी छत्री नव्हती. जिन्यात इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "जरा खाली येता का?"

पिवळी पानं हिरवी व्हायला लागली होती.

"म्हणजे, तत्त्व म्हणून माझा विरोध कायम आहे," ते म्हणाले. "पण पुन्हा थोडं सांडलं, तर मी घरी नव्हतो असं समजा."

ॲसिड पडलेलं रोप टवटवीत कसं होईल, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला फक्त एवढंच वाटलं की मिश्रण मी किती अचूक पातळ केलं होतं!

इमारतीत घातक रसायन आहे. रविवारपर्यंत ते आणि संबंधित स्कूटर, दोन्ही हलवावे. – सेक्रेटरी

सेक्रेटरींना घातक रसायनाची बातमी कोणी दिली? मीच. बादलीवरची पाटी मी दारावरही लावली होती, तिने. त्यांनी माझ्या पाटीतला "धोका" हा शब्द जसाच्या तसा आपल्या पाटीत घेतला असता तरी चाललं असतं, पण त्यांनी तो वाढवला. आता टाकी आतून जवळजवळ स्वच्छ झाली होती आणि तिच्यातलं द्रवही मी बादलीत ओतलं होतं. बादली काठोकाठ, हिरवट-काळी. स्कूटर वाचवायची तर बादली घालवायला हवी होती, आणि बादली कुठे ओतायची हे मला माहीत नव्हतं. मोरीत? मोरीवर 'इथे काहीही ओतू नये' ही माझीच पाटी होती.

म्हणून मी अर्धी रजा टाकून पालिकेत गेलो.

पहिली खिडकी.

"काय आहे?"

"वापरलेलं ॲसिड आहे. कुठे द्यायचं?"

"घरगुती की औद्योगिक?"

"घरगुती."

"घरगुती ॲसिड नसतं. ॲसिड औद्योगिकच."

"बरं, औद्योगिक."

"कारखाना कुठे?"

"गॅलरीत."

"परवाना?"

"गॅलरीचा?"

"पुढच्या खिडकीला जा."

पुढची खिडकी कचऱ्याची.

"ओला की सुका?"

"द्रव आहे."

"म्हणजे ओला."

"मग ओल्याच्या डब्यात ओतू?"

"अहो, ओला म्हणजे कुजणारा. हे कुजतं का?"

"हे बाकीच्यांना कुजवतं."

"मग आमचं नाही."

अंगण ओलांडलं की अग्निशमन दल. तिथे मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. भिंतीवर हेल्मेटं टांगलेली होती. मी माझी ओळख सुरक्षा सप्ताह प्रमुख अशी करून दिली.

"आग लागलीय?" तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही."

"लागणार आहे?"

"नाही हो. हे जळतच नाही."

"मग साहेब," तो अगदी प्रेमाने म्हणाला, "तुमच्या-आमच्यात बोलण्यासारखं आहे काय?"

शेवटी पर्यावरण विभागात एका बाईंनी मान वर केली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारी मी त्याच बाजूला येतेय. बघून जाते. तोवर कोणाला हात लावू देऊ नका."

"तशी पाटी आहे," मी म्हणालो. आवाजात अभिमान होता, तो लपवला नाही.

तपासणी चालू. दूर राहावे.

शनिवारी पर्यावरणबाई आल्या. सोबत सेक्रेटरीही आले, कारण घातक गोष्टीला साक्षीदार लागतो. प्राध्यापक आले, तत्त्व म्हणून. समोरच्या काकू आल्या, कारण दार उघडं होतं. मी संपूर्ण पोशाखात बादलीपाशी उभा राहून पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. बाईंनी पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या.

"एक मिनिट," अप्पा म्हणाले. "एक बोल्ट राहिलाय आत."

आणि त्यांनी बाही वर सरकवून कोपरापर्यंत हात बादलीत घातला.

मी शिट्टी फुंकली. नाकावर रुमाल होता, त्यामुळे आधी नुसता रुमाल फुगला. मग रुमाल ओढून जी फुंकली, ती माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम शिट्टी. प्राध्यापक, काकू आणि सेक्रेटरी एका झेपेत जिन्यात जमले. सराव न करता! मी अप्पांना कमरेला धरून मागे खेचलं, "पाणी! भरपूर पाणी!" असं ओरडत मोरीकडे नेऊ लागलो, आणि गमबूट खडूच्या वर्तुळावरून घसरून दोघंही आरामखुर्चीत पडलो. अप्पा त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले, तेही माझ्या मांडीवर.

"सापडला," ते बोल्ट दाखवत म्हणाले.

"अप्पा, हात! हात दाखवा!"

हात ठणठणीत होता. नखं तर काचेसारखी.

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "सोडा त्यांना. काही होत नाही. लिंबूसत्त्व आहे ते."

जिन्यातून तीन डोकी आत डोकावली.

"लिंबू...?"

"सत्त्व. पांढरी पूड मिळते ना. पाण्यात कालवून भरलं होतं. तुमचा कॅन मी त्याच दिवशी दुकानात परत दिला आणि त्याच्याकडून तसलाच रिकामा, धुतलेला कॅन आणला. तो म्हणाला, यानेही गंज जातो, फक्त वेळ लागतो."

पर्यावरणबाईंनी पट्टी बुडवली, तिचा रंग पाहिला आणि मान डोलावली. "बरोबर. गंजातलं लोखंड उतरलेलं हे पाणी पिवळ्या पानांच्या झाडाला तर औषधच."

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. पोहण्याचा चष्मा आतून धुकट झाला होता. ते बरं झालं.

"तुम्ही एवढं सगळं केलंत. हातमोजे, चष्मा, पाणी आधी, ॲसिड नंतर. एकही गोष्ट विसरला नाहीत. फक्त हे घरात आहेत हे विसरलात." तिने वडिलांकडे बोट दाखवलं. "हात लावू नये असं लिहिल्यावर हे हात लावल्याशिवाय राहतील? मी लहानपणापासून ओळखते यांना. ओल्या रंगाच्या प्रत्येक बाकावर आमच्या घरातून एकच माणूस बसलाय."

"रंग ओला आहे की नाही ते बघायला नको?" अप्पा म्हणाले.

मी हेल्मेट काढलं. मग रेनकोट काढला. त्याखाली घाम होता आणि त्याखाली मी.

"खरं ॲसिड असतं," पर्यावरणबाई निघता निघता म्हणाल्या, "तर हात तर गेला असताच, शिवाय नुसत्या वाफेने ही जाळी, ती कात्री, ती सायकल, सगळं गंजलं असतं. स्कूटरचा गंज काढून घरभर वाटला असतात. आता यात धुण्याचा सोडा घाला, थोडा थोडा, फेस थांबेपर्यंत. आणि मग भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या मोरीत." दारात त्या थबकल्या. "पाट्या मात्र छान आहेत हं. अक्षर कोणाचं?"

एवढ्या एका वाक्यावर मी तो दिवस काढला.

सोडा थोडा थोडा घालावा.

अप्पांनी अख्खा पुडा घातला. फेस मोरीच्या उंबऱ्यावरून पॅसेजमध्ये आला, पॅसेजमधून दाराखालून जिन्यात गेला आणि प्राध्यापकांच्या पाटीशी जाऊन थांबला.

(पुढचा मजकूर प्राध्यापकांच्या विनंतीवरून गाळला आहे.)

पाहणी. आज. – सेक्रेटरी

टाकी सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुतली आणि उशीसारखी उन्हात ठेवून दोन्ही बाजूंनी वाळवली. आतून चांदीसारखी. मी अभिमानाने आत टॉर्च मारला. उजेड खालून बाहेर आला.

तळाला एक भोक होतं. सुईच्या टोकाएवढं. इतकी वर्षं ते गंजाने बुजवून ठेवलं होतं आणि मी त्याला मोठ्या निष्ठेने हाकलून दिलं होतं.

मिस्त्री म्हणाला, भोक सांधायला डाग देतो, पण सोमवारी. पाहणी रविवारी. मी खाली बसलो.

"जावईबापू, उठा," अप्पा म्हणाले. मोरीतून कपडे धुण्याच्या साबणाची वडी घेऊन ते आले, ती अंगठ्याने मळून मऊ केली आणि भोकावर बाहेरून दाबून घासली. "एका फेरीपुरतं धरतं."

"साबणाने पेट्रोल अडवायचं? हे सुरक्षित नाही!"

"मग तुम्ही पाटी लावा," बायको म्हणाली. "मी स्कूटर काढते."

मिस्त्रीने टाकी, किक, पायटा सगळं बसवलं आणि अगदी तळाला लागेल एवढंच पेट्रोल घातलं. सेक्रेटरी खांबाशी हाताची घडी घालून उभे होते. समितीतले आणखी दोघं होते. ते तिथे उभं राहण्यापलीकडे काही करत नव्हते, पण ते मनापासून करत होते.

"चालवणार कोण?" सेक्रेटरींनी विचारलं.

अप्पांना डॉक्टरांची मनाई. मला हाताने गिअर बदलायची स्कूटर येत नाही. मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी अख्ख्या पार्किंगला कळलं.

बायकोने पदर खोचला. "अप्पांनी शिकवलीय मला. याच स्कूटरवर." तिने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. अप्पा पेपर गुंडाळून काखेत धरून उभे होते. ते स्कूटरकडे बघत नव्हते, आपल्या रोजच्या जागेकडे बघत होते, स्कूटर पुढे घेतल्यामुळे मोकळ्या पडलेल्या त्या चौकोनाकडे. तिथे जमिनीवर स्टँडचे दोन खळगे पडले होते.

तिसऱ्या किकला स्कूटर खोकली. मग शिंकली. मग निळा धूर सोडून अशी फडफडू लागली की समितीचे दोघं आपापल्या खिशाला हात लावून फोन शोधू लागले.

"बसा अप्पा," बायको म्हणाली.

"डॉक्टर नको म्हणालेत," मी ओरडलो.

अप्पा लगेच बसले.

आणि त्यांच्यामागून, इमारतीला पूर्ण एक वळसा घालत, मी पळत होतो. कारण साबणावर माझा भरवसा नव्हता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वाळूने भरलेली तीच बादली, बादलीवर पाटी: हात लावू नये, धोका. खिडक्याखिडक्यांतून लोक बघत होते. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी या वेळी खिडकी लावली नाही, उलट घरातल्या सगळ्यांना बोलावलं. प्रत्येक वळणावर अप्पा मागे वळून मला हात करायचे. "चला जावईबापू, आलंच!"

साबणाने धरलं. फेरी पूर्ण झाली. स्कूटर खांबासमोर येऊन बरोबर स्टँडच्या खळग्यांत उभी राहिली. सेक्रेटरींनी टाकीखाली वाकून पाहिलं. तळाशी एक थेंब जमत होता. तो पडेल की काय म्हणून मी बादली घेऊन सरसावलो, पण सेक्रेटरी सरळ झाले.

"चालू स्थितीत आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, हळूच, अप्पांना: "उद्या सकाळी आहात ना? सुनेच्या नोकरीचं विचारायचं होतं जरा."

हात लावू नये. धोका.

सोमवारी मिस्त्रीने डाग दिला. त्यानंतर स्कूटर कुठेही गेलेली नाही. तिला कुठे जायचंही नव्हतं. रोज सकाळी अप्पा तिच्यावर बसतात, पेपर पसरतात आणि जाणारे-येणारे थांबतात. प्राध्यापकही थांबतात आणि गॅलरीकडे बघत, दुसऱ्या टाकीचं काही काम निघतंय का, असं विचारतात.

माझ्या पाट्या बायकोने काढून टाकल्या. बादलीवरची तेवढी जपून सोलली आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एका स्टीलच्या डबीला चिकटवली.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्ही लक्ष देऊ नका. त्यांच्यासमोर मात्र तीनदा सांगा, की या डबीला अजिबात हात लावायचा नाही."

मी सांगितलं. पाऊण तास नाही, पण जीव ओतून सांगितलं. अप्पांनी कान देऊन ऐकलं.

डबीत ती रोज सकाळी एकच रक्तदाबाची गोळी ठेवते. आम्ही दोघं मुद्दाम गॅलरीत जातो. आतून फळीशी टाचा उचलताना चपला करकरल्याचा आवाज येतो, झाकण किणकिणतं, पाण्याचा पेला ठेवला जातो. आम्ही आत येतो तेव्हा डबी रिकामी असते आणि अप्पा पेपर घेऊन जिन्यात.

डॉक्टर खूश आहेत. गॅलरीतल्या कुंडीने मात्र मान टाकलीय.